हरकुल्याचा खाऊ

कुत्र्याला द्यायची कोणतीही वस्तू आमच्या थोरल्या बाई आधी स्वतः चावून बघत. भाकरीचा तुकडा असो, उकडलेलं रताळं असो, नाहीतर बाजारातले फुटाणे असोत. आधी त्यांच्या दाढेखाली जायचं, त्या डोळे मिटून सावकाश चावायच्या, आणि मग उरलेलं कुत्र्यापुढं व्हायचं. मी नुकतीच लग्न होऊन आले होते. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला शिसारी आली. ती माझ्या तोंडावर दिसली असावी. त्या म्हणाल्या, "धाकटे, ज्याला बोलून सांगता येत न्हाई, त्याचं आपण आधी चाखावं. तान्ह्या पोराचं दूध न्हाई का बघत हातावर घेऊन?"

त्या माझ्या थोरल्या जाऊ. उंच, सावळ्या, हाडापेरानं मोठ्या. ओचा खोचून उभ्या राहिल्या की गड्यांनाही दबकून बोलावं लागे. उंब्रजपासून कोसभरावर कृष्णेच्या काठाला आमचा मळा होता. मोठे दीर पलटणीत सुभेदार. लढाईचे दिवस असल्यानं वर्षाकाठी एखादी रजा मिळाली तर मिळाली. त्यांची एकुलती मुलगी कोकणात दिलेली. माझे यजमान शेती बघत. मी सांगलीची, शाळामास्तरांची मुलगी. मला ना शेणाची सवय, ना कुत्र्याची. माझ्यावर थोरल्या बाई कधी ओरडल्या नाहीत. एखादी गोष्ट करायचीच असं त्यांनी मनात घेतलं की त्या एवढंच म्हणत, "ठरलं म्हंजी ठरलं." त्यानंतर घरात कोणी वाद घालत नसे.

कुत्रं मात्र त्यांनी ठरवून आणलेलं नव्हतं. एका रजेत सुभेदार त्याला स्टेशनवरून बैलगाडीत घालून घेऊन आले. गाडी वेशीत शिरली तेव्हा बायकांनी पोरं उचलून घरात नेली. तांबूस अंग, काळं तोंड, लोंबणारे ओठ आणि उंची आमच्या गोठ्यातल्या रेडकाएवढी. छावणीतल्या एका गोऱ्या साहेबाचं ते. साहेबाला लढाईवर जायचा हुकूम आला, कुत्र्याला गोळी घालायचं ठरलं, आणि सुभेदारांनी ते मागून घेतलं. साहेब त्याला हर्क्युलिस म्हणायचा. थोरल्या बाईंनी ते नाव दोनदा तोंडात घोळवलं आणि तिसऱ्यांदा त्याचा 'हरकुल्या' करून टाकला. कुत्र्यानं मान वळवली. "बघा, त्याला बी ह्येच पटलं," त्या म्हणाल्या.

रजा संपवून निघताना सुभेदारांनी बायकोच्या हातात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा ठेवला आणि बस, थांब, घे याला साहेब काय म्हणायचा ते इंग्रजी शब्द शिकवले. शब्द ऐकला की हरकुल्या पुतळ्यासारखा बसे, पण मग बिस्कीट मिळायला हवं. थोरल्या बाईंनी आठवड्याभरात इंग्रजी शब्द मोडीत काढून त्याला मराठीत आणलं. बिस्किटाला मात्र त्यांच्याकडं तोड नव्हती. डबा संपला. लढाईमुळं साध्या रॉकेलची मारामार, तिथं बिस्किटं कुठली? हरकुल्यानं काही दिवस मोकळा तळहात हुंगला आणि मग 'बैस' म्हटलं की तो खुशाल दुसरीकडं बघायला लागला. सासूबाई म्हणाल्या, "लबाड हाय कुत्रं." थोरल्या बाई म्हणाल्या, "लबाड न्हाई आत्याबाई. मजुरी न्हाई तर काम न्हाई. त्याचं बरोबर हाय."

पण न ऐकणारं एवढं मोठं जनावर गावात मोकळं असणं सोपं नव्हतं. त्याच्या मनात पाप नसे. माणूस दिसला की आनंदानं अंगावर झेपावायचं, एवढंच. एके सकाळी तो पाटलांच्या म्हाताऱ्या चुलत्यांच्या अंगावर असाच झेपावला. ते मारुतीच्या पायरीवरून खाली पडले आणि त्यांचं मनगट मोडलं. तासाभरात पाटील आमच्या अंगणात होते.

"आवं सुभेदारीणबाई, आज मनगटावर निभावलं. उद्या एखादं पोर खाली घावलं म्हंजी? ह्ये जनावर दाव्याला ऱ्हाणारं न्हाई, तुमाला बी ठावं हाय. माझ्याकडं बंदूक हाय."

थोरल्या बाईंनी पदर नीट केला. "पाटील, चूक आमची हाय. तुमच्या चुलत्यांचा हात बरा हुईस्तवर त्यांच्या रानातलं काम आमचा गडी करंल. पर कुत्र्याला बेंदरापातूर हात लावू नगा. बेंदराला बैलं वाजतगाजत आमच्या दारावरनं जात्यात. त्या गर्दीत ह्यो ओट्यावर बसंल. जागचा हालला, तर तुमी बंदूक आणा, मी आडवी येनार न्हाई."

"बांधून?"

"मोकळा."

पाटलांनी कुत्र्याकडं बघितलं. ते त्यांच्या वहाणेचा पट्टा चाटत होतं. "बेंदरापातूर," असं म्हणून ते गेले.

मी घाबरून विचारलं, "थोरल्या बाई, असं कसं कबूल केलंत?" त्यांचं लक्षच नव्हतं. "त्याला आवडंल आन त्याच्या पोटाला बाधणार न्हाई, असं कायतरी आपल्या घरातच असंल गं," त्या म्हणाल्या. "घावलं पायजे."

दुसऱ्या दिवसापासून शोध सुरू झाला. भाकरी त्यानं पाहुण्यानं ताट सारावं तशी नाकानं बाजूला सारली. फुटाणे गिळले ते जसेच्या तसे दुसऱ्या दिवशी बाहेर पडले. गुळावर तो लुब्ध झाला. गुळाच्या खड्यासाठी त्यानं काहीही केलं असतं; पण चार दिवसांत त्याला ढाळ लागले आणि तो अंग खाजवून हैराण झाला. गूळ बंद. मग एका रविवारी पाहुण्यांच्या ताटातलं कोंबडीचं हाड कोणीतरी त्याच्यापुढं टाकलं. शिजलेलं हाड ते, दाताखाली उभं चिरलं आणि त्याची काडी घशात अडकली. हरकुल्या घुसमटून अंगणात गोल फिरायला लागला. पुरुष माणसं काठ्या घेऊन नुसती उभी राहिली. थोरल्या बाईंनी त्याचं डोकं मांडीत दाबलं, डाव्या हातानं जबडा उघडला आणि उजवा हात आत घातला. काडी निघाली तेव्हा त्यांचा हात मनगटापासून वर सोलला होता. त्यांनी त्यावर हळद दाबली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "आजपासनं ह्या घरात कोंबडीची हाडं चुलीत जातील. कुत्र्याला माझ्याबिगर कुणी कायबी द्यायचं न्हाई."

त्यानंतर पलटणीतून रजेवर आलेल्या एका शिपायाच्या हाती सुभेदारांनी मनुकांची पुरचुंडी पाठवली. बायकोसाठीच पाठवली होती. थोरल्या बाईंनी रिवाजाप्रमाणं एक मनुका चावली. मऊ, गोड, आत हाड नाही, बी नाही. त्यांचा चेहरा उजळला. पुरचुंडीतली दुसरी मनुका त्यांनी स्वतः खाल्ली नाही. सगळी हरकुल्याच्या वाट्याला गेली, आणि खरंच, तो असा काही शिकायला लागला की बघत राहावं. बैस म्हटलं की बसे, थांब म्हटलं की समोरून कोंबडी गेली तरी हलत नसे. थोरल्या बाई हरखल्या. जास्त वेळ बसला की त्या जास्त मनुका देऊ लागल्या.

आणि एके दिवशी हरकुल्यानं सगळं ओकून टाकलं. दुपारपर्यंत तो वैरणीच्या गंजीला टेकून आडवा पडला. हाक मारली तर नुसते डोळे हलवी. पाणी पुढं ठेवलं तरी तोंड लावीना. दुसऱ्या दिवशी उजाडताच गड्यांनी त्याला उचलून गाडीत घातलं. थोरल्या बाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. डॉक्टरांशी बोलायला म्हणून मला बरोबर घेतलं होतं. कराडपर्यंतच्या वाटेत त्या एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "मी चाखून दिलं हुतं गं."

कराडचे जनावरांचे डॉक्टर तुटक बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी कुत्र्याचं पोट चाचपलं, हिरड्या बघितल्या, काय काय खाल्लं ते विचारलं. मी सांगितलं. थोरल्या बाई मध्येच म्हणाल्या, "आवं डॉक्टर, मी सोता खाऊन बघितल्या हुत्या मनुका. मला कायबी झालं न्हाई."

डॉक्टर हसले नाहीत. "बाई, तुमचं पोट वेगळं, त्याचं वेगळं. तुम्ही कांदा खाता, तो कुत्र्याचं रक्त बिघडवतो. मनुकांनीच हे झालं असं मला छातीठोक सांगता येणार नाही. पण ज्या वस्तूनंतर असं झालं, ती पुन्हा देऊ नका."

त्यांनी सुईनं मिठाचं पाणी त्याच्या कातडीखाली सोडलं. त्याला लघवी होत नव्हती, हीच खरी काळजी होती. आम्ही दवाखान्याच्या ओट्यावर बसून राहिलो. थोरल्या बाईंनी पाण्याचा घोटही घेतला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी हरकुल्या चार पायांवर कसाबसा उभा राहिला आणि त्यानं दवाखान्याची भिंत भिजवली. डॉक्टर म्हणाले, "आता जगेल." देवळात वाजवावी तशी थोरल्या बाईंनी जोरात टाळी वाजवली.

निघण्याआधी त्यांनी डॉक्टरांना भंडावून सोडलं. याला गोड का नको? किती दिलं म्हणजे बास? डॉक्टरांनी सगळं नीट सांगितलं. नवी वस्तू एका वेळी एकच द्यायची, नखाएवढी, आणि मग दोन-तीन दिवस वाट बघायची. तिखट-मीठ नको, कांदा-लसूण नको. लाल भोपळा, गाजर, अंडं चालेल. उकडलेली कलेजी थोडीशी. एवढं मोठं कुत्रं न चावता गिळतं, म्हणून तुकडा एकतर अगदी बारीक हवा, नाहीतर त्याला चावावाच लागेल इतका मोठा. आणि पोटभर खाल्ल्यावर त्याला पळवायचं नाही, अशा जनावराचं पोट फुगतं आणि पीळ पडतो. परतीच्या वाटेवर थोरल्या बाई हे सगळं माझ्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेत होत्या.

मला वाटलं होतं, आता त्या नाद सोडतील. बेंदूर जवळ आला होता, कुत्रं अशक्त झालं होतं. मी तसं म्हणालेही. त्यांनी गाडीतच माझ्याकडं वळून बघितलं. "माझ्या हातानं मरायला टेकला हुता त्यो. आता तर माझ्याच हातानं बसला पायजे."

स्वतः चावून बघायची सवय काही त्यांनी सोडली नाही, पण आता तेवढ्यावर त्यांचा विश्वास राहिला नव्हता. भोपळ्याचा नखाएवढा तुकडा दिला की दोन दिवस त्या हरकुल्याच्या मागं मागं फिरत, तो कसा निजतो, कुठं बसतो, काय टाकतो ते बघत. सासूबाई करवादल्या, "माझ्या तब्येतीची कवा एवढी चौकशी झाली न्हाई." थोरल्या बाई म्हणाल्या, "तुमाला तोंड हाय की आत्याबाई, आन चांगलं हाय." सासूबाईंना हसू आवरलं नाही.

असं करत करत दोन गोष्टी हाती लागल्या. एक होती वडी. ज्वारीच्या पिठात उकडलेला लाल भोपळा आणि एक अंडं घालून घट्ट मळायचं, बोटभर जाडीच्या वड्या थापायच्या, तव्यावर मंद भाजायच्या आणि मग चुलीच्या कडेला ठेवून कडक करायच्या. हरकुल्या त्या करकर चावून खाई. त्या रोजच्या. दुसरी गोष्ट खास. गावात बकरं पडलं की आमच्या वाट्यातली कलेजी थोरल्या बाई बाजूला काढत, बिनमिठाची उकडत, गव्हाएवढे तुकडे करत आणि निखाऱ्याच्या धगीवर वाळवत. तो वास सुटला की हरकुल्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर येऊन, कोणी न सांगता, बसे. "ह्याला बघा मास्तर न्हाई लागत," थोरल्या बाई म्हणत. कलेजीचा तुकडा मात्र फक्त अवघड कामाला. ओळखीचा माणूस आला आणि तरी झेपावला नाही, तर तुकडा. हलगी वाजली आणि तरी बसून राहिला, तर तुकडा. हलगीसाठी त्यांनी वाजवणाऱ्याला घरी बोलावून जेवू घातलं आणि आधी लांबून, मग जवळून, मग ओट्याशी वाजवायला लावली.

बेंदराच्या दिवशी सगळा गाव आमच्या दाराकडं डोळे लावून होता. बैलं बघायला आलेले किती आणि कुत्रं बघायला आलेले किती, सांगता आलं नसतं. हरकुल्या ओट्यावर बसला होता, मोकळा. थोरल्या बाई त्याच्या शेजारी उभ्या. त्यांनी नुसतं "थांब" म्हटलं आणि हात मागं बांधले. गुलाल उधळत, हलग्या वाजत, रंगवलेल्या शिंगांच्या बैलांची जोडीमागून जोडी पुढून गेली. पोरं ओरडत होती. कोणीतरी गंमत म्हणून पुरणपोळीचा तुकडा ओट्यावर फेकला. तो हरकुल्याच्या पंज्याजवळ पडला. त्यानं तो बघितला आणि मान वर करून थोरल्या बाईंकडं बघितलं. त्यांनी मान हलवली. त्यानं पोळीवरून नजर काढून घेतली. शेवटी पाटलांची जोडी आली. डावीकडचा बैल कुत्र्याला बघून बुजला, फुरफुरला आणि थेट ओट्यापर्यंत आला. कुत्र्याच्या अंगाला थरथर सुटली होती. ओठातून लाळेची तार जमिनीला टेकली होती. पण तो उठला नाही. गड्यानं बैल ओढून नेला. तेव्हा थोरल्या बाई वाकून, फार हळू, "घे," म्हणाल्या आणि मूठभर कलेजी त्याच्यापुढं धरली.

पाटील पायऱ्या चढून आले. गुलालानं माखलेला हात त्यांनी धोतराला पुसला. "वैनी, मी देऊ का एक?"

"इचारलंसा, लय बरं केलंसा," थोरल्या बाई म्हणाल्या आणि त्यांच्या हातावर वडी ठेवली.

लढाई संपली आणि पुढं वर्षभरात सुभेदार कायमचे घरी आले. आल्या आल्या त्यांनी हरकुल्याला हाक मारली. तो आला, शेपूट हलवत अंगाशी लगटला. पण सुभेदारांनी खिशातून बिस्कीट काढून पुढं केलं तेव्हा त्यानं तोंड फिरवलं आणि थोरल्या बाईंकडं बघितलं. त्यांनी "घे" म्हटल्यावर घेतलं. सुभेदार हसले, पण ते त्यांना लागलं असावं. इतक्या वर्षांत नवराबायकोला एकमेकांची तशी सवय राहिली नव्हती. सुभेदार फार कमी बोलत, दिवसभर मळ्यात एकटे फिरत. थोरल्या बाई त्यांच्या जेवणाकडं चोरून बघत.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात थोरल्या बाईंच्या पोटात दुखायला लागलं. त्यांनी ते बरेच दिवस लपवलं. शेवटी माझ्या वडिलांनी सांगलीच्या दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरांनी सांगितलं, पोटात गाठ आहे, ताबडतोब शस्त्रक्रिया करा. थोरल्या बाई म्हणाल्या, "करू. पर आधी मला घरी जायाचं हाय." कोणी काही बोललं तरी ऐकेनात. "मी म्हागारी आले न्हाई तर त्यो उपाशी मरंल. माझ्याबिगर कुणाचं घ्यायचं न्हाई, ह्ये त्याला मीच शिकीवलंय. आता मीच मोडणार. ठरलं म्हंजी ठरलं."

घरी आल्यावर त्यांनी सुभेदारांना ओट्यावर बसवलं आणि त्यांच्या तळहातावर वडी ठेवली. सुभेदारांनी पलटणीतल्या आवाजात हुकूम सोडला. हरकुल्यानं त्यांच्याकडं बघितलंही नाही.

"आवं, त्यो तुमच्या पलटणीतला शिपाई न्हाई," थोरल्या बाई म्हणाल्या. "हात पुढं ठेवा आन गप बसा. त्याला कळू द्या, तुमाला घाई न्हाई."

सुभेदार गप बसले. रोज सकाळी ते दोघं ओट्यावर असत, एक हात पुढं करून बसलेला आणि दुसरा त्या हाताकडं न बघणारा. पहिल्यांदा थोरल्या बाई शेजारी उभ्या राहून "घे" म्हणत. मग नुसती मान हलवत. मग त्या दारात जाऊन उभ्या राहिल्या, मग दाराआड. दुखणं वाढत होतं. उभं राहताना त्या चौकटीला धरत. सांगलीहून माझ्या वडिलांचा निरोपावर निरोप येत होता. शेवटी एके सकाळी त्या मला घेऊन गोठ्यात गेल्या. तिथून ओटा दिसत नव्हता. आम्ही गाईशेजारी उभ्या राहिलो. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. थोरल्या बाईंनी गाईच्या पाठीवर दोन्ही हात टेकले होते आणि त्यांचे ओठ हलत होते. मग ओट्यावरून वडी चावल्याचा करकर आवाज आला.

"खाल्लं," त्या म्हणाल्या. पदरानं तोंड पुसलं. पदर डोळ्यांवर जरा जास्त वेळ राहिला. "चला, आता गाडी जुपायला सांग."

शस्त्रक्रिया झाली, पण उशीर झाला होता असं डॉक्टरांनी आम्हांला बाजूला घेऊन सांगितलं. आधी आणलं असतं तरी फार फरक पडला नसता, असंही ते म्हणाले. ते मी मनाशी धरून ठेवलं आहे. थोरल्या बाई नंतर माझ्या माहेरीच राहिल्या, आमच्या पुढच्या खोलीत, आणि महिन्याभरानं तिथंच गेल्या. हरकुल्या त्यांच्यामागं दोन वर्षं जगला. सुभेदारांनी त्याच्या वड्या स्वतः थापल्या. म्हातारपणी त्याचे दात पडले तेव्हा त्या दुधात भिजवून भरवल्या. माझी मुलं झाली, नातवंडं झाली. कोणाही तान्ह्याला मी नवा घास दिला तो नखाएवढा दिला आणि दोन दिवस वाट बघितली. हे कुठून शिकलीस म्हणून सुनांनी विचारलं की मी सांगते, माझ्या जावेकडून. कुत्र्याचं मात्र सांगत नाही.

थोरल्या बाईंना मी शेवटचं हसताना पाहिलं, तो दिवस अजून आठवतो. सुभेदार कराडहून रेल्वेनं सांगलीला आले होते. टोपी हातात घेऊन त्यांच्या उशाशी बसले. थोरल्या बाईंनीच विचारलं, "घेतो का?"

"घेतो."

"कसा घेतो?"

"कसा म्हंजी?"

"शेपूट हालवून घेतो, का नुसतं पोट भरायला घेतो?"

सुभेदारांनी विचार केला. बायकोला बरं वाटावं म्हणून खोटं बोलणारा तो माणूस नव्हता. "आजपातूर नुसताच घेत हुता," ते म्हणाले. "आज सकाळी हालवली."

"लय?"

"लय. पाण्याचा तांब्या पाडला."

थोरल्या बाई हसल्या. हसताना टाके दुखले म्हणून पोटावर हात धरला आणि तरी हसत राहिल्या. मग त्यांनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडं नीट बघितलं. "आन तुमी? कवा जेवलासा?"

सुभेदारांनी टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"धाकटे, ह्यास्नी वाढ," त्या म्हणाल्या. "हितंच वाढ."

मी तिथंच ताट मांडलं. सुभेदार खाली मान घालून जेवायला लागले, आणि शेवटचा घास संपेपर्यंत थोरल्या बाई उशीवरून त्यांच्याकडं बघत राहिल्या.